फटक्यांचा खांब

शाळेतून फोन आला तेव्हा केतकी एका गिऱ्हाइकाच्या पँटला चेन बसवत होती. पुण्यात ती एका बुटीकमध्ये कटिंग करायची. नवऱ्याच्या व्हिसावर आयर्लंडमधल्या पोर्टलीशला आल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं. लांबी कमी करा, कंबर सैल करा, चेन बदला, असलीच किरकोळ कामं, पण तिच्या हाताला सफाई होती आणि दाराची बेल वाजती राहायची.

फोनवर इतिहासाच्या बाई होत्या, मिस फीलन.

"चैतन्यने वर्गात एका मुलाला मारलंय. त्याला हॉस्पिटलात नेलंय. तुम्ही लगेच येऊ शकाल का?"

केतकी तशीच निघाली. शाळेत पोचली तर चैतन्य ऑफिसबाहेरच्या खुर्चीवर ताठ बसलेला. चौदा वर्षांचा पोरगा, मिसरूड नुकती फुटायला लागलेली. शर्टावर रक्त होतं, पण ते त्याचं नव्हतं. उजव्या हाताची बोटं सुजली होती. तिने हात लावायला जाताच त्याने तो मांडीखाली दडपला.

मिस फीलन तरुण होत्या आणि चांगल्याच हादरल्या होत्या. त्यांनी केतकीला वर्गात नेलं. फरशी पुसून झाली होती तरी बाकाच्या पायाशी एक लालसर ओरखडा राहिला होता. झालं होतं ते असं. माध्यमिकच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दोघादोघांत मिळून प्रोजेक्ट करायचा होता, विषय कॅलिफोर्नियातली जुनी स्पॅनिश मिशनं. अठराव्या शतकात स्पेनच्या पाद्र्यांनी त्या किनाऱ्यावर वसाहती उभारल्या. मधे चौक, एका अंगाला चर्च, भोवती कोठारं आणि मागाच्या खोल्या. तिथल्या मूळच्या माणसांना बाप्तिस्मा देऊन आत आणायचं, शेती शिकवायची, प्रार्थना शिकवायची. एकदा आत आलेल्याला आपल्या मर्जीने बाहेर जाता येत नसे. कुणी पळालाच तर शिपाई त्याला धरून आणत आणि फटके देत.

चैतन्यचा जोडीदार होता डॅरा. त्याने मातीच्या बाहुल्या केल्या होत्या, चौकात एक खांबही उभा केला होता. त्या दिवशी त्याने एक बाहुली खांबाला बांधली आणि बुटाच्या लेसने तिला फटके मारायला सुरुवात केली. दर फटक्याला बारीक आवाज काढून म्हणायचा, 'थँक यू, फादर. थँक यू, फादर.' सगळा वर्ग हसत होता.

"चैतन्य उठला आणि त्याने डॅराच्या तोंडावर ठोसा मारला," मिस फीलन म्हणाल्या. "डॅरा खाली पडला, तरी चैतन्य थांबला नाही. छातीवर बसून मारत होता. आम्हा दोघा शिक्षकांना त्याला ओढून काढावं लागलं. डॅराचं नाक मोडलंय." त्या क्षणभर थांबल्या. "मिसेस केतकी, घरी सगळं ठीक आहे ना?"

'थँक यू' हे शब्द केतकीच्या ओळखीचे होते. तिच्या घरात तो नियम होता. नवऱ्याचं, शिरीषचं, मारून झालं की चैतन्यने समोर उभं राहायचं आणि म्हणायचं, 'थँक्यू बाबा.' म्हणजे शिक्षा मनापासून मान्य आहे. नाही म्हटलं तर पुन्हा पहिल्यापासून. शिरीषला त्याच्या वडिलांनी असंच वाढवलं होतं आणि आपण त्यामुळेच इथवर पोचलो असं तो चारचौघांत अभिमानाने सांगायचा.

"सगळं ग्रँड आहे," केतकी म्हणाली. हा शब्द इथे कुठेही चालायचा.

शाळेने आठवडाभर चैतन्यला घरी बसवलं आणि प्रोजेक्ट एकट्याने पुरा करायला सांगितलं. वाटेत तिने त्याला विचारलं, "दुखतंय का रे?"

"नाही," तो म्हणाला. तो बोलायचा ते इंग्रजीतच, तेही इथल्या पोरांसारखं शब्द गिळत. मराठी कळायची सगळी, पण तोंडातून निघायची नाही. "बाबांना सांगणार आहेस?"

"शाळेने त्यांना मेल केला असेल."

चालता चालता तिने पाहिलं, त्याने स्वेटर काढून कमरेला बांधला होता तो पुन्हा अंगात चढवला आणि त्यावर कोटही घातला. ऊन होतं बाहेर. जाड कपड्यांवर बेल्ट कमी लागतो, एवढं ते पोर शिकलं होतं.

शिरीष डब्लिनजवळच्या चेरीवूडला एका कंपनीत नोकरीला होता, रोजचा तासाभराहून जास्त ड्राइव्ह. ते वर्ष मंदीचं. त्याच्या टीममधली माणसं कमी होत चालली होती आणि उरलेल्यांवर काम वाढत होतं. तो घरात आला, बॅग ठेवली, बूट काढले, ते नीट जोडीने लावले. त्याचा आवाज चढलेला नव्हता. चढायचाच नाही. केतकीला त्याचीच जास्त भीती वाटायची.

"कोट काढ," तो म्हणाला.

चैतन्यने कोट काढला.

"स्वेटर."

"शिरीष, शाळेने शिक्षा केलीय त्याला," केतकी म्हणाली. "हात बघ त्याचा, सुजलाय."

"दुसऱ्याच्या पोरावर हात टाकतो हा. उद्या पोलीस येतील दारात. तू खिडकी लाव."

आणि केतकीने खिडकी लावली. नेहमी लावायची तशीच. स्वयंपाकघरात जाऊन ओट्यावरचा पंखाही सुरू केला, कारण तो घरघर करायचा आणि त्यात बाकीचे आवाज बुडायचे. तरी बेल्टचा आवाज येतच राहिला. आधी हवेत, मग अंगावर. चैतन्य पहिल्यांदा ओरडायचा नाही. पाचसहा बसल्यावर त्याच्या घशातून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज निघायचा. ती कांदा चिरत होती. चिरता चिरता सुरी बोटात गेली, हाडापर्यंत गेली, आणि तिला ते कळलं तेव्हा फळी लाल झाली होती.

"काय म्हणायचं?" शिरीषचा आवाज.

"थँक्यू बाबा."

"मोठ्याने."

"थँक्यू बाबा!"

जेवताना शिरीषने स्वतः त्याच्या पानात तूप वाढलं. "तुझ्या भल्यासाठीच असतं रे हे," तो म्हणाला, आणि ते म्हणताना त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते.

त्या आठवड्यात मायलेकांनी मिळून मिशन बांधलं. डॅराची बाहुल्यांची पेटी शाळेतच राहिली, चैतन्यला ती नकोच होती. त्याने पुठ्ठ्याच्या भिंती कापल्या, केतकीने कणकेत डिंक मिसळून त्यांवर लिंपण केलं. छपराला वाळलेलं गवत. तो लायब्ररीतून पुस्तकं आणून वाचायचा आणि तिला सांगायचा. ती शिवता शिवता ऐकायची. पूर्वी कधी तो तिच्याशी इतकं बोलला नव्हता.

"पळून का जायचे ते?" तिने विचारलं.

"घरी. डोंगरात त्यांची माणसं होती. कुणी म्हणायचं मला भूक लागली होती, कुणी म्हणायचं माझी आई मेली आणि मी रडत होतो म्हणून मारलं."

"रडला म्हणून?"

"हो. आणि पाद्री वाईट माणसं नव्हती, मॉम. म्हणजे त्यांना स्वतःला तसं वाटायचं नाही. ते म्हणायचे, ही आमची लेकरं आहेत. बाप लेकराला वळण लावायला मारतो, तसंच आम्ही मारतो. प्रेमाने."

केतकीची सुई थांबली. चैतन्य तिच्याकडे बघत नव्हता. तो चौकात खांब चिकटवत होता, आइस्क्रीमच्या काडीचा. डिंक वाळेपर्यंत त्याने तो दोन बोटांनी धरून ठेवला.

"मग कुणी काहीच केलं नाही?"

"सॅन डिएगोला केलं. आसपासच्या वाड्यांतली माणसं शेकड्यांनी जमली आणि मिशनवर चालून आली. छपरं पेटवली, गवताचीच होती. पाद्र्याला धरलं. इतके बाण मारले आणि दगडांनी इतकं ठेचलं की नंतर त्याचा चेहरा ओळखू येईना."

"अरे देवा."

"तो त्यांच्याकडे हात पसरून गेला होता म्हणे. 'देवावर प्रेम करा, बाळांनो' असं म्हणत."

"आणि मग? सुटली का ती माणसं?"

"नाही. आणखी शिपाई आले. पकडलेल्यांना फटके मारले, मिशन पुन्हा बांधलं. छपरं कौलांची केली, पेटू नयेत म्हणून."

तो हे अगदी सपाट आवाजात सांगत होता. केतकीला पहिल्यांदाच आपल्या पोराची भीती वाटली, आणि त्याहून जास्त त्याच्यासाठी.

त्यांचं घर जोडघर होतं. पलीकडच्या अर्ध्या भागात टॉम डेलनी राहायचा, सत्तरीचा, एकटा. दाराशी भेटला की हवामानावर बोलायचा, तेवढीच ओळख. त्या शुक्रवारी केतकी कचऱ्याचा डबा बाहेर काढत असताना तो कुंपणापाशी आला.

"भिंत पातळ आहे," तो म्हणाला.

"सॉरी, टीव्हीचा आवाज मोठा होत असेल."

"टीव्ही नाही." त्याने आपल्या डोक्यावरची टोपी काढली. "मेमध्ये तो सरकारचा अहवाल आला. बातम्यांत ऐकलं असशील. पाद्र्यांच्या आणि नन्सच्या शाळांत पोरांना कसं मारायचे, काय काय करायचे, ते सगळं. मी त्यातल्याच एका शाळेत होतो. आठव्या वर्षापासून. आई वारली म्हणून टाकलं मला तिथे."

केतकी डब्याची मूठ धरून ऐकत राहिली.

"शाळा चालवणाऱ्या ब्रदर लोकांचा पट्टा असायचा, चामड्याचे थर एकावर एक शिवलेला. माझ्या शेजारच्या पलंगावरच्या पोराने एकदा अंथरूण ओलं केलं, तर त्याला इतका मारला की त्याचा एक कान कायमचा गेला. मी त्यांना आता शिव्या देत नाही, मेले बहुतेक. पण आमच्या भिंतीला लागून रस्ता होता. गावातली माणसं जायची, आमचं ओरडणं त्यांना ऐकू जायचं. भली माणसं होती. एकानेही कधी दार वाजवलं नाही." तो तिच्याकडे बघून म्हणाला, "मी पुन्हा ऐकलं तर गार्डना फोन करणार आहे. तुला आधी सांगतोय, एवढंच."

गार्ड म्हणजे इथले पोलीस. केतकी कुंपणापर्यंत आली.

"प्लीज, नको. आम्ही व्हिसावर आहोत. नवऱ्याचा आहे व्हिसा, माझा नाही. आम्हाला परत पाठवतील. मी बोलते त्याच्याशी."

"बोल," टॉम म्हणाला. "पण मी ऐकतोय."

शिरीषशी बोलायची तिची छाती झाली नाही. तिने पद्मिनीला फोन केला. गावात जी दोनतीन मराठी घरं होती त्यांतलं एक पद्मिनीचं, गणपतीत एकत्र जमायचं तेही तिच्याचकडे.

"अगं, कुठल्या घरात होत नाही?" पद्मिनी म्हणाली. "मंदी आहे, पुरुषांना टेन्शन असतं. तू मधे पडलीस की वाढतं उलट. आणि त्या म्हाताऱ्याला सांग तुझं तू बघ म्हणून. गोऱ्यांना आपलं कल्चर कळत नाही."

रविवारी दुपारची गोष्ट. केतकी जेवणाच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे पडदे इस्त्री करत होती. टेबलावर मिशन पुरं होऊन उभं होतं, सोमवारी शाळेत न्यायचं म्हणून. चैतन्य पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर स्केचपेनने माहिती लिहून ती जागोजागी चिकटवत होता. शिरीष चहाचा कप घेऊन आला. आधी त्याने कौतुकच केलं. चर्चची घंटा बोटाने हलवून बघितली. मग वाकून खांबाजवळची चिठ्ठी वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"'बाप मारतो तसंच आम्ही मारतो, प्रेमाने.' हे कुणी लिहिलं?"

"पुस्तकात आहे," चैतन्य म्हणाला.

"पुस्तकात खूप काही असेल. हेच का निवडलंस? शाळेत सगळ्यांना दाखवायला? मी तो पाद्री आहे का?"

केतकीने मान वर केली. चैतन्य उठून उभा राहिला. त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. तो म्हणाला, आणि कितीतरी वर्षांनी मराठीत म्हणाला,

"हो. आहात."

शिरीषने एका हाताने मिशन टेबलावरून झाडून टाकलं. भिंती फरशीवर फुटल्या, छपराचं गवत सगळीकडे उडालं. दुसऱ्या हाताने त्याने पोराची मानगूट धरली आणि त्याचं तोंड टेबलावर आपटलं. दात ओठात घुसला, रक्त पुठ्ठ्यावर सांडलं. मग त्याने बेल्ट काढला. या वेळी बक्कल हातात ठेवलं नाही, टोक हातात घेतलं. बक्कल पाठीवर आलं तेव्हा लाकडावर कोयता बसावा तसा आवाज झाला.

"काय म्हणायचं?"

चैतन्य गप्प.

"काय म्हणायचं?"

पुन्हा बक्कल. शर्ट फाटला. पाठीवर एक जागा उघडी पडली आणि तिथून रक्त निघालं. चैतन्यने दोन्ही हातांनी टेबलाची कड पकडली होती. तो ओरडत नव्हता आणि ते दोन शब्दही म्हणत नव्हता. केतकीला तेव्हा लख्ख कळलं की तो आता म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही, आणि त्याने म्हटल्याशिवाय शिरीष थांबणार नाही. म्हणजे हे कुठपर्यंत जाईल याला काही शेवटच नव्हता.

"शिरीष, थांब." ती त्या दोघांच्या मधे शिरली.

त्याने न बघताच उलट्या हाताने तिला मारलं. अंगठी गालफडाला लागली, कानात शिट्टी वाजायला लागली. ती इस्त्रीच्या टेबलावर कोलमडली. पडदे खाली आले. इस्त्री मात्र तिच्या हातात राहिली, तिने ती सोडलीच नव्हती. शिरीषचा हात पुन्हा वर गेला होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. केतकीने इस्त्री त्या उघड्या हातावर दाबली, आणि त्याने हात ओढला तरी तिने ती दाबून धरली.

शिरीष असा किंचाळला की तो त्याचा आवाज आहे हेच तिला पटेना. जळक्या कातड्याचा वास खोलीत भरला. तो गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला, हात पोटाशी धरून तडफडायला लागला. बेल्ट गळून पडला.

तो चैतन्यने उचलला.

केतकीने इस्त्री खाली ठेवून वळून पाहिलं तोवर दोन फटके बसले होते. खांद्यावर एक, डोक्यावर एक. शिरीष एका हाताने डोकं झाकत होता आणि भाजलेला हात त्याला उचलता येत नव्हता. चैतन्यचा चेहरा रक्ताने माखला होता आणि तो काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेल्यावर तिला ऐकू आलं. "म्हण. काय म्हणायचं? म्हण."

"चैतू, पुरे!"

त्याला ऐकू जात नव्हतं. ती त्याच्या हाताला लोंबकळली. पुढचा फटका तिच्या मानेवर बसला, बक्कल हनुवटीला लागून गेलं. तिने सोडलं नाही. दोघं तसेच फुटलेल्या मिशनवर पडले आणि ती त्याच्या अंगावर आपलं सगळं वजन टाकून पडून राहिली. खालून तो धडपडत होता, लाथा मारत होता. त्याच वेळी पुढचं दार धडाधड वाजायला लागलं. मग काच फुटल्याचा आवाज आला आणि टॉम डेलनी आत आला. त्याच्या हातात हर्ली होती, हर्लिंग खेळायची ती चपट्या तोंडाची काठी. खोलीतला प्रकार बघून त्याने ती भिंतीला टेकवून ठेवली आणि चैतन्यच्या शेजारी खाली बसला.

"सोड ते आता, बाळा," तो म्हणाला. "सोड. झालं."

चैतन्यने मूठ उघडली.

गार्ड आले, त्यांत एक बाई होती. शिरीष वेदनेने कण्हत सांगत होता, "हिने जाळलं मला. विचारा तिला. वेडी झालीय ती." गार्डबाईने केतकीकडे बघितलं.

"हो," केतकी म्हणाली. "मी भाजलं. मुद्दाम. तो माझ्या मुलाला मारून टाकत होता."

हॉस्पिटलमध्ये तिघंही एकाच इमर्जन्सीत होते, मधे पडदे. चैतन्यच्या पाठीला टाके घातले. डॉक्टरांनी फोटो काढले तेव्हा केतकीने त्याची पाठ उजेडात पहिल्यांदा नीट पाहिली. नव्या जखमांच्या खाली जुन्या होत्या, पांढुरक्या पडलेल्या, आडव्या, काही अगदी पुण्यातल्या. ती बाहेर बाकावर जाऊन बसली आणि गार्डबाई तिच्याशेजारी बसली.

"घरच्या घरी पोराला चापट मारली तर आमचा कायदा अजून फारसं काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण हे तसं नाही. हे प्रकरण वर जाणार, तुम्ही तक्रार करा वा नका करू. पण तुम्ही केलीत तर तो घरात येऊ शकणार नाही. आणि त्याने केली तर तुमच्यावरही केस होऊ शकते. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मीही खरं सांगतेय."

केतकीने तक्रार केली. कोर्टाने शिरीषला घरापासून लांब राहायचा तात्पुरता हुकूम दिला. तो डब्लिनला एका मित्राकडे राहायला गेला आणि तिथून पद्मिनीच्या हाती निरोप पाठवला: केस मागे घे, मी भाजल्याची तक्रार करणार नाही. नाही घेतलीस तर व्हिसा माझा आहे, हे विसरू नकोस.

"घे गं मागे," पद्मिनी म्हणाली. "परक्या देशात एकटी काय करणारेस?"

"माहीत नाही," केतकी म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. त्यानंतर पद्मिनीचा फोन आला नाही आणि केतकीनेही केला नाही. चैतन्यसाठी नेमलेल्या सोशल वर्करने एका वकीलबाईंशी गाठ घालून दिली. त्यांनी सांगितलं, अशा प्रकरणात स्वतःच्या नावावर राहायची परवानगी मागता येते, मिळेलच असं नाही, पण मागू.

मधल्या काळात चैतन्य एक दिवस एकटाच डॅराच्या घरी माफी मागायला गेला. परत आला तो ओठ पुन्हा फुटलेला. डॅराने दार उघडून काही न बोलता त्याला ठोसा मारला होता.

"मग?" केतकीने घाबरून विचारलं.

"मग काही नाही. मी हात खिशात ठेवले होते." ओठ पुसत तो म्हणाला, "काढावेसे वाटत होते. खूप वाटत होते."

हिमवर्षाव झालेल्या त्या जानेवारीत कोर्टाची तारीख आली. शिरीषच्या वकिलाचा सगळा भर इस्त्रीवर होता. किती गरम होती, किती वेळ दाबली, हात ओढल्यावरही का सोडली नाही?

"सोडली असती तर त्याने मारलं असतं," केतकी म्हणाली. इंग्रजीची तिला भीती वाटायची, पण त्या दिवशी शब्द अडले नाहीत. "इतकी वर्षं मी खिडकी लावत आले. त्या दिवशी नाही लावली, एवढंच केलं मी."

टॉमने साक्ष दिली. भिंतीपलीकडून काय काय ऐकलं ते त्याने टोपी हातात धरून सांगितलं. न्यायाधीशांनी फोटो पाहिले आणि शिरीषला घरात यायला बंदी केली. मारहाणीची केस वेगळी चालू राहिली. भाजल्याची तक्रार त्याने केलीच नाही. चेरीवूडची नोकरी तोवर गेली होती.

मुलाला भेटायचा अर्ज मात्र त्याने केला. वसंत लागताना एका कम्युनिटी सेंटरच्या खोलीत भेट ठरली, सोशल वर्करच्या समोर. चैतन्य जायला तयार झाला, का ते त्याने सांगितलं नाही. केतकी बाहेर पॅसेजमध्ये थांबली. दाराला काच होती. शिरीष बारीक झाला होता, दाढी वाढली होती. बाहीतून भाजल्याच्या डागाची कड दिसत होती. तो बोलत होता, हळू, पुढे झुकून, आणि रडत होता. चैतन्य टेबलाकडे बघत ऐकत होता. शेवटी शिरीषने चांगला हात उचलून त्याच्या केसांकडे नेला, लहानपणी फिरवायचा तसा फिरवायला.

चैतन्यने दोन्ही कोपर डोक्यावर घेतले. खुर्ची मागे कलंडली आणि तो भिंतीला पाठ लावून अंग चोरून बसला. हे सगळं त्याने ठरवून केलेलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. त्याची त्यालाच लाज वाटली होती.

शिरीषचा हात हवेतच राहिला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, आणि मग तो हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसला. केतकीने त्याला एवढ्या वर्षांत कितीदा तरी रडताना पाहिलं होतं. घाबरलेला आज पहिल्यांदा पाहिला.

चैतन्य बाहेर आला. दोघं रस्त्यावर आले. गाडी नव्हतीच आता, चालतच जायचं होतं. पुलापाशी तो थांबला, कठड्याला टेकला आणि हुंदके देऊन रडायला लागला. येणारीजाणारी माणसं बघत होती. केतकी शेजारी उभी राहिली. हात लावावा की नाही तिला कळेना, म्हणून तिने नुसता तळवा पसरून कठड्यावर, त्याच्या हाताजवळ ठेवला.

"पुढच्या वेळी यायचं की नाही," तो नाक पुसत म्हणाला, "ते मी ठरवणार. तू नाही, ते नाही, ती सोशल वर्कर पण नाही."

"तूच ठरव."

"आणि आज मला घरचं जेवण नको. दुकानातून गरम चिप्स घेऊ."

"घेऊ," ती म्हणाली, आणि दोघं गावाकडे चालायला लागले.